वाढीव पट्टी

माझ्या कामाच्या खोलीत दोन पोलादी पट्ट्या शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. दिसायला अगदी सारख्या. त्यातली एक साधी आहे. दुसरी खोटारडी, म्हणजे तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा आहे. फाउंड्रीत आम्ही तिला वाढीव पट्टी म्हणायचो. मी अडतीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा भाग आधी लाकडात हुबेहूब कोरायचा, तो वाळूत दाबून काढून घ्यायचा, आणि वाळूत उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, असं ते काम. लोखंड निवताना आक्रसतं, मीटरमागे एक सेंटिमीटर. म्हणून लाकूड तेवढं मोठं कोरावं लागतं. वाढीव पट्टीनं मोजलं की ते आपोआप होतं, डोकं चालवावं लागत नाही.

मुद्दाम मोठं केलेलं लाकूड म्हणजे पुढे काहीतरी तापलेलं येऊन निवणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे आधीच सांगून ठेवतो, कारण चूक तिथूनच सुरू झाली आणि ती माझी होती.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गेल्या महिन्यात ती आली, नेहमीच्या खुर्चीत बसली, आणि पर्स उघडून तिनं एक फोटो माझ्यापुढे ठेवला. भावोजींची गाडी. बाटलीच्या हिरव्या रंगाची, चार दारांची. बॉनेटला टेकून भावोजी उभे होते, हातात पुसायचं फडकं.

"मला ही लाकडात करून दे," ताई म्हणाली. "घर महिनाअखेरीला सोडतेय. लेकीकडे राहायला जाते."

"अखेर ठरवलंस."

"ठरवलं. नऊ वर्षं गॅरेज झाडतेय मी. आले तर गाडी कुठे लावतील, म्हणून घर सोडवत नव्हतं." फोटोची कड तिनं बोटानं सरळ केली. "लेक सातव्या मजल्यावर राहते. तिथं कसलं गॅरेज. निदान टेबलावर लावायला एक गाडी असू दे."

भावोजी नऊ वर्षांपूर्वी एका बुधवारी सकाळी गाडी घेऊन निघाले ते परत आले नाहीत. चष्म्याचा नंबर तपासायला शहरात जातो, असं ताईला सांगून गेले होते. शहराचा रस्ता डोंगरातून जातो, मग धरणाच्या काठाकाठानं. पोलिसांनी तो रस्ता पिंजून काढला. पाण्यात पाणबुडे उतरवले. भावोजी सापडले नाहीत, गाडी सापडली नाही, काचेचा तुकडासुद्धा मिळाला नाही. एवढी मोठी वस्तू हरवते कशी, हे मला आजही कळलेलं नाही.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती, आणि ती मी नऊ वर्षं कुणाला सांगितली नव्हती. त्या बुधवारी पावणेअकराच्या सुमाराला भावोजी फाउंड्रीच्या फाटकाशी आले होते. मी पॅटर्नला डिंक लावत होतो. शिपायानं बोलावलं म्हणून तसाच गेलो. गाडी चालूच होती. भावोजींच्या कपाळावर घाम होता. खिशातली पेपरमिंट त्यांनी पुढे केली, ती त्यांची सवय. मी म्हणालो, नको, हात भरलेत.

"मापाडे," ते म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारायचे. "डावा हात जड झालाय रे सकाळपासून. डॉक्टरांकडेच निघालोय, हिला बोललो नाही. गाडी तू चालव. मी शेजारी बसतो."

"भावोजी, डिंक लावलाय. अर्ध्या तासात वाळेल. तुम्ही व्हा पुढे, मी दुपारच्या बसनं येतोच."

त्यांनी मान हलवली. हसलेसुद्धा. चालकाच्या बाजूचं दार त्या गाडीचं नेहमी लोंबायचं, नुसतं ओढून लागायचं नाही. त्यांनी ते जरा वर उचललं आणि लावून घेतलं. मी आत जाऊन डिंक पुरा केला.

ताईला हे सांगायला मला नऊ वर्षं तोंड नव्हतं. आता ती जाणार होती, आणि नंतर ते कधी सांगणार होतो, देव जाणे.

फाउंड्री बंद पडली तेव्हा लोकांनी पंखे नेले, कपाटं नेली. मी महोगनीचा एक ठोकळा घरी आणला होता. आमच्या खात्यात तो मी लागण्याच्या आधीपासून पडून होता. वाळून इतका ठणठणीत की बोटानं वाजवला तर भांड्यासारखा बोलायचा. भारीतल्या कामासाठी म्हणून ठेवलेला. हेच ते काम, असं मनाशी ठरवलं.

गाडीचं पुस्तक ताईकडे होतं. लांबी चार मीटर तीस. मी दहास एक प्रमाण धरलं, म्हणजे माझी गाडी त्रेचाळीस सेंटिमीटरची. ठोकळ्याच्या बाजूवर गाडीची कड उतरवली, माथ्यावर वरून दिसणारा आकार काढला. करवतीनं आधी बाजूचा आकार कापला, मग वरचा. दोन कापांतच चौकोनी ठोकळ्यातून गाडी डोकं वर काढते, तो क्षण मला फार आवडतो. पुढचं काम धीराचं. रंध्यानं कडा मोडायच्या, गोल पटाशीनं चाकांच्या कमानी खणायच्या, आणि दर बोटभर अंतरावर पुठ्ठ्याचा फर्मा लावून पाहायचा. फर्मा आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसला की जिथं लाकूड फर्म्याला टेकतंय तिथं अजून तासायचं.

आत मी काही कोरलं नाही. गाडी भरीवच ठेवली. काचांच्या जागी काळा रंग द्यायचा, दारांच्या जागी चाकूच्या टोकानं नखभर खोल रेघ मारायची. दाखवायच्या गाडीला आतलं लागत नाही.

आठव्या दिवशी काचकागद फिरवून झाला. बायको चहा घेऊन आली आणि कप हातात धरूनच गाडीभोवती फिरली.

"अगदी तीच हो," ती म्हणाली. "फक्त जरा जाडली आहे. तुमच्यासारखी."

मी हसलो, पण मापात जाड हा शब्द मला सहन होत नाही. ती गेल्यावर बारीक मापाचा व्हर्नियर कॅलिपर लावला. रुंदी सोळा सेंटिमीटर पाहिजे होती, सोळा पूर्णांक सोळा शतांश भरली. लांबी त्रेचाळीस पूर्णांक त्रेचाळीस शतांश. शंभराला एक. मी भिंतीकडे पाहिलं. साधी पट्टी आपल्या खिळ्यावर धूळ खात होती. टेबलावर पडली होती ती वाढीव. आठ दिवस मी तिनंच मोजत होतो.

अडतीस वर्षांच्या नोकरीनंतर कुठली पट्टी उचलायची हे हात डोक्याला विचारत नाही. लाज वाटली. ताईला हा फरक जन्मात कळला नसता, पण मला कळला होता. दुसरा ठोकळा नव्हता, दिवसही नव्हते. राहू दे, असं म्हणून मी गाडीवर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा-पावणेअकराला फडकं काढलं. रंगाआधी शेवटचा हात फिरवायचा म्हणून बॉनेटवर तळवा ठेवला, आणि तसाच उचलला.

बॉनेट गरम होतं.

माझी खोली उत्तरेकडची आहे. तिथं ऊन येत नाही, म्हणूनच मी ती कामाला घेतली. जवळ दिवा नव्हता, शेगडी नव्हती. मी मागच्या डिकीवर हात ठेवला, ती गार होती. टप गार. गरम होतं ते फक्त बॉनेट, नुकत्याच येऊन थांबलेल्या गाडीचं असतं तेवढं. जवळ वाकलो तर लाकडाचा वास नव्हता. तापलेल्या रेक्झिनचा होता, आणि त्यात अगदी पुसट पेपरमिंट.

मी बायकोला हाक मारली. तिनं पदर खोचला, दोन बोटं लावली आणि मागे घेतली.

"हे काय लावलंत हिला?"

"काही नाही."

"मग इथंच राहू दे. घरात आणू नका." एवढं बोलून ती गेली. ती भित्री नाही. पालीला हातानं हाकलणारी बाई आहे.

मी वहीत नोंद केली, कारण नोंद केली की माझं मन ताळ्यावर येतं. सकाळी अकरा, बॉनेट गरम. दुपारी एक, कोमट. तीन, गार. मग सवयीनं लांबी घेतली. त्रेचाळीस पूर्णांक छत्तीस शतांश.

व्हर्नियर पुसला आणि पुन्हा घेतली. तेवढीच आली.

लाकूड आक्रसतं, ते खरं आहे. पण ते आक्रसतं रुंदीत. रेषांच्या दिशेनं, लांबीत, लाकूड हलत नाही. नवशिक्या सुतारालाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. माझी गाडी लांबीत आक्रसत होती. दर सकाळी तापत होती, दर दुपारी निवत होती, आणि निवताना थोडी थोडी खऱ्या मापाकडे सरकत होती. लोखंड करतं तसं.

मी तिला हिरवा रंग दिला. ताईला शब्द दिला होता. रंग वाळल्यावर चौथ्या दिवशी दिसलं की चालकाच्या दाराची रेघ रुंद झाली आहे. बाकीची तीन दारं होती तशी होती. त्या एका रेघेत कागद जाईल इतकी फट पडली होती. मी वहीचा कागद फाडून पट्टी केली आणि आत सारली. रेघ मी नखभर मारली होती. पट्टी चार बोटं आत गेली. कुठेही अडली नाही.

आत मी काहीच कोरलेलं नव्हतं.

पट्टी बाहेर काढली तेव्हा ती ऊबदार होती. मी अंगठ्यानं दार दाबलं. फट मिटली नाही. दुसऱ्यांदा दाबलं, नाहीच. मग माझ्या हातानं डोक्याला न विचारता ते नखानं जरासं वर उचललं आणि दाबलं. दार लागलं. बारीकसा आवाजही झाला.

मी खाली बसलो. गाडी तू चालव, हे शब्द भावोजी आणि मी सोडून कुणी ऐकलेले नव्हते.

ताई रविवारी आली, सकाळीच. सामान ट्रकमध्ये चढलं होतं, संध्याकाळी निघायची होती. मी तिला खोलीत नेलं आणि फडकं काढलं. तिनं गाडीकडे पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग पुढे होऊन बॉनेटवर तळवा ठेवला.

पूर्वी ती शाळेतून शिकवून घरी यायची तेव्हा आधी गॅरेजमध्ये जायची आणि असाच हात ठेवायची. गरम असलं तर भावोजी आत्ताच आलेत, कोमट असलं तर चहा एकट्यानं पिऊन झालाय. त्यावरून त्यांची चेष्टा चालायची.

"इतक्यात आलेत," ताई म्हणाली.

तिचा हात बॉनेटवरच होता. नऊ वर्षं अडून बसलेलं सगळं बाहेर आलं. फाटक, घाम, पेपरमिंट, डावा हात, डिंक. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. शेवटी म्हणालो, "मी बसलो असतो तर ते वाचले असते, ताई."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला वाटायचं," ती हळूहळू म्हणाली, "माझ्यावरच चिडून गेले. आदल्या दिवशी मी टाकून बोलले होते. नऊ वर्षं मी तेच एक वाक्य घोळवत बसले. आणि तुला माहीत होतं की ते डॉक्टरकडे निघाले होते."

मला हे सुचलंच नव्हतं. मी माझाच अपराध कुरवाळत बसलो होतो. तिच्या डोक्यावर काय ओझं आहे, ते माझ्या एका वाक्यानं उतरलं असतं, हा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. मी रडलो. सदुसष्टाव्या वर्षी, भुश्शात उभा राहून.

ताई रडली नाही. तिनं खाली वाकून चालकाच्या दाराची फट पाहिली. सकाळी मी ते उचलून लावलं होतं, आता पुन्हा सुटलं होतं. तिनं फडकं उचललं आणि गाडीवर नीट पांघरलं.

"ही मी नेत नाही."

"ताई, अगं तुझ्यासाठीच—"

"माझ्याकडे आले नाहीत ते." दारापर्यंत जाऊन ती थांबली. "पुन्हा बोलावलं तर नाही म्हणू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

सोमवार गेला. मंगळवारी लांबी त्रेचाळीस पूर्णांक दोन शतांश होती. बायको म्हणाली, ती वस्तू कुणाला तरी देऊन टाका. मी बरं म्हणालो.

बुधवारी दहा वाजता मी खोलीत गेलो. दार लोटून घेतलं, स्टुलावर बसलो. साधी पट्टी खिळ्यावरून काढली आणि फडक्यानं पुसून गाडीशेजारी ठेवली. व्हर्नियरवर विश्वास नव्हता असं नाही. पण या वेळी खऱ्या पट्टीनं मोजावंसं वाटलं.

त्रेचाळीस. ना केसभर जास्त, ना केसभर कमी.

पावणेअकरा वाजले. मी बॉनेटवर हात ठेवला. ते तापलेलं होतं, आणि खाली काहीतरी अगदी बारीक थरथरत होतं. चालू ठेवलेल्या गाडीचं थरथरतं तसं.

दाराची फट बोटभर झाली होती.

आत अंधार होता. पेपरमिंटचा वास आला.

मी स्वतःचे हात पाहिले. कोरडे होते. कशानंही भरलेले नव्हते.

या वेळी मी दार लावलं नाही. नखानं जरासं उचललं, आणि माझ्याकडे ओढलं.

कुणीतरी खांद्याला धरून हलवत होतं. बायको होती. घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं होती. मी स्टुलावर होतो, दोन्ही हात टेबलावर पुढे धरलेले, मुठी अर्ध्या वळलेल्या.

"मी दोनदा येऊन गेले," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "खोलीत नव्हतात. अंगणात नव्हतात. होतात कुठे?"

"इथंच," मी म्हणालो.

गाडी समोर होती. बॉनेट गार. चालकाच्या दाराकडे पाहिलं, तिथं फट नव्हती. मी मारलेली रेघही नव्हती. तीन दारांच्या रेघा जागच्या जागी होत्या, आणि चौथीच्या जागी सपाट, सलग हिरवं लाकूड होतं.

बायकोच्या हातातला फोन वाजला. तिनं नाव वाचलं आणि माझ्याकडे दिला. ताई होती, लेकीच्या घरून.

"मघाशी गॅलरीत उभी होते," ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "आपली गाडी गेली रे खालून. सावकाश. एवढ्या उंचावरूनही स्पष्ट दिसलं, तू चालवत होतास. ते शेजारी मान मागे टेकून बसले होते, डोळे मिटून. झोप लागल्यासारखे. बरं वाटलं बघ."

लेकीचं शहर आमच्यापासून दोनशे किलोमीटरवर आहे.

"आता एवढंच सांग," ताईनं विचारलं, "त्यांना सोडलंस कुठे?"

मी आठवायचा प्रयत्न केला. काहीच आठवत नव्हतं. माझ्या जिभेवर पेपरमिंट होती, चघळून चघळून अगदी पातळ झालेली.